कपडे आणि गाडी: नव्या बिऱ्हाडाचे पैसे नेमके कुठे वाचतात

नोकरीसाठी पुण्यात, नाशिकला किंवा ठाण्यात नवं बिऱ्हाड मांडलं की तीन-चार महिन्यांत भाडं, वाणसामान, वीजबिल यांचा अंदाज येतो. कपडे आणि गाडी यांचा मात्र वर्ष झालं तरी येत नाही. हे खर्च दरमहा ठरावीक येत नाहीत, आणि येतात ते बहुतेक घाईत. उद्या लग्नाला जायचंय आणि धड ड्रेस नाही, म्हणून आज रात्री खरेदी. विमा उद्या संपतोय, म्हणून फोनवरच्या माणसाने सांगितली ती रक्कम मुकाट्याने भरली. पेट्रोल जपून वापरण्याने जेवढे वाचतात, त्याहून जास्त या घाईत जातात. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये काटकसरीपेक्षा आधी बघून ठेवण्यावर भर आहे.

पायरी १: तारखा लिहून काढा

भिंतीवरचं कालनिर्णय असो की मोबाइलमधलं कॅलेंडर, त्यात आज चार गोष्टी टाका: गाडीचा विमा संपण्याची तारीख, पीयूसीची, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राची, तारीख, सर्व्हिसिंगचा अंदाजे महिना, आणि येत्या सहा महिन्यांतली घरची लग्नं-मुंजी. प्रत्येकीची आठवण तीन आठवडे आधी लावा.

पीयूसी काढायला दुचाकीला शंभर रुपयेही लागत नाहीत. ती नसेल तर मोटार वाहन कायद्यात दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नव्या बीएस-६ गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, पुढे मात्र मुदत बघत राहावी लागते, आणि नेमकी हीच तारीख लोक विसरतात. थर्ड पार्टी विमा नसताना पहिल्यांदा पकडलं तर दोन हजार, पुन्हा पकडलं तर चार हजार. हे फुकटचे भुर्दंड तारखा लिहिल्याने टळतात, वेगळं काही करावं लागत नाही.

पायरी २: विम्याचा कागद एकदा नीट वाचा

इथे जरा थांबू, कारण गाडीच्या खात्यातली एक मोठी बचत इथे आहे.

विम्याच्या हप्त्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. त्याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळ्या कंपन्यांकडे सारखाच असतो आणि त्यात घासाघीस होत नाही. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. फरक पडतो तो इथेच. नूतनीकरणाआधी तीन आठवडे दोन-तीन कंपन्यांचे आकडे मागवा आणि शोरूमने दिलेल्या आकड्याशेजारी ठेवा. तुलना करताना गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, सगळीकडे सारखीच धरा. आयडीव्ही खाली ओढून हप्ता कमी दाखवणं ही जुनी युक्ती आहे. गाडी चोरीला गेली तर पैसे त्या कमी किमतीनेच मिळतात.

दुसरी गोष्ट नो क्लेम बोनसची. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या ओन डॅमेज हप्त्यात २० टक्के सूट मिळते. मग ती ओळीने २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होते. एक क्लेम केला की पुन्हा शून्य. आता हे गणित बघा. तुमचा ओन डॅमेज हप्ता सहा हजार आहे आणि सध्या ३५ टक्के सूट चालू आहे. पार्किंगच्या खांबाला घासून बंपर फुटला, बिल झालं पाच हजार. त्यात तीन हजारांचा बंपर प्लॅस्टिकचा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसाऱ्यात जाते, म्हणजे दीड हजार गेले. वर १५०० सीसीपर्यंतच्या कारला हजार रुपये सक्तीने स्वतःच भरावे लागतात. हातात येणार फार तर अडीच हजार. त्याबदल्यात पुढच्या वर्षी मिळणारी ४५ टक्के सूट, म्हणजे २७०० रुपये, गेली. त्याच्या पुढच्या वर्षी ५०ऐवजी २० टक्क्यांवर असाल, ते वेगळंच. असा किरकोळ फटका खिशातून भरावा आणि विमा मोठ्या अपघातासाठी राखून ठेवावा. गॅरेजवाला ‘क्लेममध्ये करून टाकू’ म्हणतो, कारण त्याला कंपनीकडून बिनबोभाट पैसे मिळतात. सूट तुमची जाते.

दुचाकीवाल्यांसाठी एक खास सूचना. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा आणि नव्या कारसोबत तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे अनेकांना वाटतं की पाच वर्षं बघायला नको. पण ओन डॅमेज बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. तो संपून ९० दिवस उलटले की साठलेला बोनस जातो. पॉलिसीचा कागद बाहेर काढा आणि दोन्ही तारखा वेगवेगळ्या बघा.

हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर ती सूट तिला लागते. शोरूममधला माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही.

पायरी ३: आधी अ‍ॅव्हरेज मोजा, मग पेट्रोलबद्दल बोला

‘गाडी किती देते?’ याचं उत्तर बहुतेक जण ऐकीव देतात. मोजायची रीत सोपी आहे. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटरचा आकडा लिहा. नेहमीसारखी गाडी चालवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. मधल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. दोन-तीन वेळा केलं की खरा आकडा कळतो.

आता अपेक्षा किती ठेवायची? रोज २० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ५०० किलोमीटर. स्कूटर ४५ देत असेल तर ११ लिटरच्या थोडं वर पेट्रोल लागतं, ५० देऊ लागली तर १० लिटर. वाचलं एक लिटर, शंभरेक रुपये. वाईट नाही, पण त्यासाठी जिवाचा आटापिटा करू नये. कारचं तसं नाही. महिन्याला ६०० किलोमीटर धावणारी कार १३ऐवजी १५ देऊ लागली तर सहा लिटर वाचतात, म्हणजे सहाशेच्या वर. घरात दोन्ही वाहनं असतील तर लक्ष कारवर द्या. त्याहून बरं म्हणजे दूध-भाजीला कार काढू नका. थंड इंजिन पहिले दोन-तीन किलोमीटर सगळ्यात जास्त पेट्रोल खातं.

अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून लगेच मेकॅनिककडे धावण्याआधी हेही माहीत असू द्या. आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल आहे. एका लिटर इथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा मिळते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि दुचाकींना ३ ते ४ टक्के फटका बसेल असा अंदाज होता. घट तेवढ्यातली असेल तर ती गाडीची खोड नाही.

फरक पाडणारी साधी कामं अशी. हवा दर पंधरा दिवसांनी तपासा, तीही टायर थंड असताना. किती हवा भरायची ते कारच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आणि दुचाकीच्या चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा लावतो, त्याला आकडा आपण सांगायचा. पंपावर साधी हवा मोफत मिळते, ती द्यावीच लागते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देऊ नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दुचाकी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. अडत-घासत फिरत असेल तर ब्रेक धरलेला आहे, गाडी दिवसभर ब्रेक दाबून चालते आहे असं समजा. वेगाचं म्हणाल तर पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेचा सल्ला ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा आहे. पुण्याच्या वाहतुकीत त्याहून जास्त जमतही नाही म्हणा.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकणारे अजून भेटतात. खंबाटकीत किंवा कात्रजला हे करू नका. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला जाणारं पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. पेट्रोलही जातं आणि जीवही धोक्यात.

शंभरऐवजी एकशे दहा रुपयांचं पेट्रोल टाकणं, पहाटेच भरणं, यांनी काहीही वाचत नाही. जमिनीखालच्या टाकीचं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यात मोजून दाखवा म्हणायचा हक्क ग्राहकाला आहे. आणि बांदा-सावंतवाडीकडची मंडळी गोव्यात जाऊन टाकी भरतात, कारण तिथे लिटरमागे काही रुपये कमी पडतात. काम असेल तेव्हा जरूर भरा. केवळ स्कूटरच्या पाच लिटरसाठी मुद्दाम सीमा ओलांडली तर जाण्या-येण्यातच ते पैसे संपतात.

पायरी ४: सर्व्हिसिंगला जाण्याआधी पुस्तिका उघडा

कोणत्या किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता गाडीच्या पुस्तिकेत असतो. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. काउंटरवर इंजिन फ्लशिंग, कार्बन क्लीनिंग, टेफ्लॉन कोटिंग अशी यादी वाचून दाखवतील. तक्त्यात नसेल तर ‘आत्ता नको’ म्हणा. जॉबकार्डवर अंदाजे रक्कम लिहून घ्या, त्याहून जास्त लागलं तर आधी फोन करा असं बजावा, आणि बदललेले जुने पार्ट परत मागा. जुने पार्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकाचे पार्ट विनाकारण बदलले जात नाहीत. वॉरंटी संपल्यावर ओळखीचा गॅरेजवाला बरा पडतो. पण ऑइलचा ग्रेड पुस्तिकेतलाच घाला, तिथे शे-दोनशे वाचवू नका.

पायरी ५: गावाला जाताना माणसं मोजा

एकटं-दुकटं असाल तर एसटी. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. आई-आजीला घेऊन गावी जायचं असेल तर कारचं पेट्रोल आणि टोल यांच्याशी हे एकदा ताडून बघा. चार माणसं आणि सामान असेल तर मात्र कारच परवडते, उगाच ओढूनताणून एसटी नको.

टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झाला. तेव्हा त्याची किंमत ३००० रुपये होती, त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. नाका एकदा ओलांडला की एक फेरी. तुमच्या वाटेवर सरासरी टोल ७५ असेल तर चाळीस वेळा नाका ओलांडल्यावर पास वसूल. पुणे-कोल्हापूर नियमित करणाऱ्याला तो परवडतो, वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्याला नाही. पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी हे राज्याचे रस्ते आहेत, तिथे नेहमीचाच टोल कापला जातो.

पायरी ६: कपाट पलंगावर रिकामं करा

कपड्यांची सुरुवात दुकानात नाही, घरात होते. एका रविवारी सगळे कपडे पलंगावर काढा आणि तीन ढीग करा: नेहमी घालतो ते, बटण-चेन-उंची अशा किरकोळ कारणाने पडून आहेत ते, आणि आता घालणार नाही ते. मधला ढीग बहुतेक घरांत चकित करतो. नवे कपडे घेण्याआधी तो शिंप्याकडे न्या.

पँटची चेन बिघडली म्हणजे बहुतेक वेळा नुसता रनर गेलेला असतो. वीस-तीस रुपयांत तो बदलून मिळतो, पूर्ण चेन बदलायची गरज नसते. शर्टाची कॉलर घडीवर विरली असेल तर उसवून उलटी लावता येते, विरलेली बाजू आत जाते. हे काम करणारे शिंपी आता थोडे उरलेत, पण जुन्या पेठांमध्ये, बाजारपेठेच्या बोळात एखाद्या मशीनवर ते सापडतात. अशा शिंप्याशी ओळख वाढवा. गणपती-दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात त्याच्याकडे अल्टरचं काम नेऊ नका, तो घेणार नाही, घेतलं तरी वैतागून करेल.

पायरी ७: खरेदी, आणि बिलावरचा कर

सप्टेंबर २०२५पासून तयार कपड्यांवर नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. करापूर्वीची किंमत २५०० असलेला कुर्ता ५ टक्के लागून २६२५ला पडतो. तोच २६०० असेल तर १८ टक्के लागून ३०६८ला. शंभराच्या फरकाचे चारशे त्रेचाळीस होतात. सवलत वजा करून उरलेल्या किमतीवर कर लागतो, त्यामुळे सेलमध्ये नग २५००च्या खाली आला तर बिलावर ५ टक्केच असायला हवेत. बघून घ्या.

शिवून घेणं स्वस्त, असं घरची मोठी माणसं सांगतील. शर्टाच्या बाबतीत ते आता खरं राहिलेलं नाही. ५८ इंची पन्ह्याचं कापड पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण १.६ मीटर लागतं, वर शिलाई शहरात चारशे ते सहाशे. रोजच्या वापराला रेडीमेड परवडतो. शिवून घ्यावं ते ब्लाउज, रेडीमेडच्या मापात न बसणाऱ्या माणसाच्या पँटी आणि मुलांचे गणवेश. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटतं.

गणवेश शिवताना बाजूच्या शिवणीत माया आणि पँट-स्कर्टच्या खाली दोन इंचांची दुमड ठेवायला सांगा. शाळकरी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, त्यातली साधारण निम्मी वाढ पायांची. म्हणजे दोन इंचांत पावणेदोन-दोन वर्षं निघतात, फक्त उसवून खाली सोडायचं. आधीच्या घडीची रेघ काही धुण्यांनंतर फिकी होते. रेडीमेड गणवेशात ही जागा जेमतेम अर्धा इंच असते. दुकानात घेताना उलटा करून बघा.

घरच्या चादरी-टॉवेलांसाठी मॉलमध्ये जाऊ नका. सोलापुरी चादर आणि टॉवेल वर्षानुवर्षं टिकतात, आणि सोलापूरला जाणारं कुणीतरी ओळखीचं असतंच. लग्नातली शेरवानी, जड घागरा भाड्याने घ्या. एकदा घालून दहा वर्षं डांबराच्या गोळ्यांत ठेवायच्या कपड्याला पंधरा हजार घालणं मला तरी पटत नाही. पैठणीची गोष्ट निराळी, ती पुढच्या पिढीलाही नेसता येते.

पायरी ८: धुणं, इस्त्री आणि जुने कपडे

रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळत घाला, पांढरे उन्हात. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, त्याला घाबरू नका. हळदीतल्या रंगद्रव्याला साबणाचा अल्कलीपणा लागला की तसंच होतं. धुऊन ओलाच कडक उन्हात टाका, ऊन तो डाग खातं. पावसाळ्यात मात्र हा उपाय चालत नाही, त्या दिवसांत पांढऱ्या शर्टाने आमटी वाढून घेऊ नये.

इस्त्रीचा हिशेब कुणी करत नाही. दोघांचे मिळून आठवड्याला वीस कपडे, नगाला आठ रुपये, म्हणजे महिन्याला साडेसहाशे-सातशे. घरची हजार वॅटची इस्त्री दीड तास चालली तरी जास्तीत जास्त दीड युनिट वीज, महिन्याला ऐंशीच्या आत. वर्षाला सात हजारांच्या आसपास फरक पडतो, स्कूटरचं पेट्रोल वाचवून एवढे वाचत नाहीत. रविवारचा दीड तास मात्र जातो. मधला मार्ग म्हणजे रोजचे कपडे घरी आणि कांजीच्या साड्या, सुती कुर्ते इस्त्रीवाल्याकडे.

तिसरा ढीग राहिला. धड कपडे धुऊन गरजूंना द्या. मऊ सुती साड्या गोधडीसाठी काढा, शिवून देणाऱ्या बायका अजून मिळतात. उरलेलं बोहारणीला. ती भांडी पसरण्याआधी तुमचे कपडे मोजायला बसते. तुम्ही आधी भांडं निवडा, ते हातात घेऊन वजन आणि तळ बघा, आणि मगच कपडे एकेक करून काढा. पँटी आणि साड्यांना भाव, टी-शर्टला नाही. जरीच्या जुन्या साड्या या ढिगात अजिबात घालू नका. जर खरी असेल तर ती वजनावर विकत घेणारे वेगळे असतात, आणि दोन ठिकाणी दाखवल्याशिवाय त्यांनाही देऊ नका.